लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल, १९५७-५८: दाराच्या आतल्या वर्षाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलचं नाव निघालं की एक छायाचित्र डोळ्यांपुढे येतं. घरी शिवलेला पांढरा पोशाख, काळा चष्मा आणि छातीशी वही धरून सरळ चालत असलेली पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय एलिझाबेथ एकफर्ड, आणि तिच्या मागे तोंड वासून ओरडणारी एक गोरी मुलगी. ४ सप्टेंबर १९५७ रोजी विल काउंट्स या स्थानिक वृत्तछायाचित्रकाराने ते टिपलं. या फोटोमुळे प्रकरण जगभर पोचलं, पण त्यातला एक मोठा भाग त्यानेच झाकूनही टाकला. ओरडणाऱ्या त्या मुलीला तिच्या आईवडिलांनी थोड्याच दिवसांत सेंट्रलमधून काढून दुसऱ्या शाळेत घातलं. पुढचं वर्षभर शाळेच्या जिन्यांवर, वऱ्हांड्यांत आणि व्यायामशाळेच्या न्हाणीघरात जे चाललं त्यात ती नव्हती. ते करणारे वेगळे होते, आणि त्यांच्याकडे कॅमेरा वळला नाही.

फक्त गोऱ्यांच्या या शाळेत पहिल्यांदाच प्रवेश मिळालेली नऊ कृष्णवर्णीय मुलं फाटकाबाहेर अडवली गेली, त्या तीन आठवड्यांवर आजवर भरपूर लिहून झालं आहे. इथे भर आहे तो शाळेच्या आतल्या वर्षावर आणि त्याच्याही आधी, ज्या कागदी योजनेतून ते वर्ष निघालं तिच्यावर. लष्कराने नऊ मुलांना दारापर्यंत नेलं. दाराच्या आत शाळा कशी चालवायची, याची तयारी मात्र शाळा मंडळाने केलेली नव्हती. ती का नव्हती, याची कारणं १९५५ सालीच मंजूर झालेल्या योजनेत सापडतात.

इमारत आणि शहर

लिटल रॉक ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आर्कान्सा राज्याची राजधानी. पार्क स्ट्रीटवरची ही सार्वजनिक शाळा १९२७ साली ‘लिटल रॉक सीनियर हायस्कूल’ या नावाने सुरू झाली. दोन चौकांएवढी लांब, पाच मजली, तीन हजार विद्यार्थ्यांच्या हिशेबाने बांधलेली, शंभर वर्गखोल्यांची इमारत. पाच वास्तुविशारदांनी तिचा आराखडा केला आणि खर्च आला १५ लाख डॉलर. त्या काळी शाळेच्या इमारतीवर एवढा पैसा ओतणं हीच बातमी होती, आणि अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेने तिला देशातलं सर्वांत सुंदर हायस्कूल म्हटलं. मुख्य दारावर महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी अशा चार गुणांचे पुतळे आहेत.

ही शाळा फक्त गोऱ्या मुलांसाठी होती. दोन वर्षांनी, १९२९ साली, कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल उभं राहिलं. खर्च ४ लाख डॉलर, आणि त्यातही रोझेनवाल्ड निधीसारख्या बाहेरच्या देणगीदारांचा हात होता. वास्तुविशारदांमधली दोन नावंही तीच. म्हणजे तेच शहर, तेच मंडळ, तेच कसबी हात, फक्त पैसा एक चतुर्थांशाच्या आसपास. ‘वेगळ्या पण समान’ शाळा हे तेव्हाचं कायद्याचं तत्त्व प्रत्यक्षात काय होतं, ते या दोन आकड्यांत दिसतं. डनबारच्या मुलांना पाठ्यपुस्तकंही बहुधा गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेली मिळत. तरीही डनबारच्या शिक्षकांनी शाळेचा दर्जा असा राखला की पुढे सेंट्रलमध्ये गेलेल्या नऊ मुलांपैकी कुणीही अभ्यासात कच्चं नव्हतं. हे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण ‘मुलं अभ्यासात झेपणार नाहीत’ हा विरोधकांचा आवडता मुद्दा होता.

शहरात आणखी एक हायस्कूल बांधायचं ठरत आलं तेव्हा, १९५३ साली, जुन्या शाळेचं नाव ‘सेंट्रल’ झालं.

हे शहर दक्षिणेतल्या कडव्या शहरांपैकी नव्हतं. आर्कान्सा विद्यापीठाने १९४८ साली आपल्या विधी महाविद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला होता. १९५६ साली लिटल रॉकच्या बसगाड्यांतली वेगळी बसण्याची पद्धत फारसा आवाज न होता संपली. त्यामुळे १९५७ सालचा भडका अटळ होता असं म्हणता येत नाही. त्याची जडणघडण टप्प्याटप्प्याने झाली.

ब्लॉसम योजना: चाळणीवर चाळणी

सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्यात वर्णावर आधारित वेगळ्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरवल्या. लिटल रॉकच्या शाळा मंडळाने त्याच महिन्यात जाहीर केलं की आपण निकाल पाळू. वर्षभराने, २४ मे १९५५ रोजी, अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांची योजना मंजूर झाली. आठवडाभरातच सर्वोच्च न्यायालयाचा दुसरा निकाल आला. त्यात अंमलबजावणीसाठी ठरावीक तारीख नव्हती, ‘विचारपूर्वक पण त्वरेने’ अशा अर्थाची सैल भाषा होती. मंडळाने त्या सैलपणाचा पुरेपूर उपयोग केला.

योजनेचे टप्पे असे. सप्टेंबर १९५७ मध्ये फक्त हायस्कूल, म्हणजे दहावी ते बारावी. त्यानंतर कनिष्ठ हायस्कूल. शेवटी प्राथमिक शाळा, आणि सगळं पूर्ण व्हायचं १९६३ च्या सुमारास. कागदावर हे समंजस दिसतं. शाळा चालवण्याचा अनुभव असलेल्या माणसाला मात्र इथेच शंका यायला हवी. सहा वर्षांची मुलं एकमेकांशेजारी बसायला आठवडाभरात सरावतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे कंपू, खेळाचे संघ, नाचाचे कार्यक्रम, घरून घेऊन आलेली मतं, सगळं आधीच घट्ट झालेलं असतं. सुरुवात सर्वांत अवघड वयोगटापासून केली गेली.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. १९५६ साली होरेस मान हायस्कूल उघडलं ते कृष्णवर्णीय शिक्षक आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी घेऊनच. १९५७ साली शहराच्या पश्चिमेला, पुलास्की हाइट्स या सुखवस्तू भागासाठी, हॉल हायस्कूल सुरू झालं आणि ते पूर्णपणे गोरं राहिलं. उरलं एकटं सेंट्रल. तिथे आता मुख्यतः कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्गीय गोऱ्यांची मुलं येणार होती. योजना आखणारे, तिला मान देणारे बहुतेक प्रतिष्ठित लोक पश्चिमेकडे राहणारे. त्यांची मुलं हॉलमध्ये, आणि बदलाचं सगळं ओझं सेंट्रलवर. विरोधकांच्या सभांमध्ये हा मुद्दा हमखास टाळ्या घेऊन जाई, कारण वर्णद्वेषाच्या जोडीला त्यात वर्गाचा खरा सल होता. हा सल मंडळाने स्वतःच्या हाताने तयार करून दिला.

पुढे चाळण्या लागल्या. सेंट्रलच्या हद्दीत राहणारे हायस्कूलच्या वयाचे ५१७ कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. त्यांपैकी सुमारे ८० जणांनी सेंट्रलमध्ये जायची इच्छा दाखवली. अधीक्षक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या मुलाखती घेऊन १७ निवडले. त्यांतल्या आठांनी होरेस मानमध्येच राहायचं ठरवलं आणि शेवटी नऊ उरले. सुमारे दोन हजार गोऱ्या विद्यार्थ्यांमध्ये नऊ. तीन इयत्तांत आणि निरनिराळ्या तासांना विखुरल्यावर दिवसाचा बहुतेक वेळ प्रत्येकजण वर्गात एकटा असणार, हे वेळापत्रकावर नजर टाकली तरी समजलं असतं. पन्नास-साठ मुलं एकत्र गेली असती तर प्रत्येक वर्गात दोघं-तिघं बसली असती, जेवणाच्या सुट्टीत त्यांची दोन टेबलं झाली असती, छळाला साक्षीदार मिळाले असते. आकडा लहान ठेवला की विरोध लहान राहील, हा मंडळाचा अंदाज होता. घडलं उलट. नऊ हा आकडा विरोधकांना आटोक्यातला वाटला. थोडा जोर लावला तर शून्यावर आणता येईल असा.

मुलांवर घातलेल्या अटी तर शिक्षणाच्या नावाला न शोभणाऱ्या होत्या. खेळ, वाद्यवृंद, गायनवृंद, नाटक, विद्यार्थी मंडळ यांपैकी कशातही भाग घ्यायचा नाही. जेफर्सन थॉमस आधीच्या शाळेत चांगला धावपटू होता, त्याचं धावणं थांबलं. मिनीजिन ब्राउनला गायची आवड होती, तिला गायनवृंदात जागा नव्हती. त्याच वर्षी सेंट्रलचा फुटबॉल संघ अपराजित राहिला आणि शाळा त्या विजयांत न्हाऊन निघाली. वर्गाबाहेर, मैदानावर आणि तालमीत होते ती ओळख सर्वांत आधी आणि सर्वांत सहज होते. तोच रस्ता मंडळाने बंद केला.

ब्लॉसम यांनी व्यापारी आणि व्यावसायिक मंडळांपुढे योजनेवर पुष्कळ भाषणं दिली. सेंट्रलच्या पालकांना, शिक्षकांना, खुद्द विद्यार्थ्यांना तयार करण्याचा असा कार्यक्रम झाला नाही. मुलं आत आल्यावर कोण कुठे उभं राहील, तक्रार कुणाकडे जाईल, शिक्षा काय असेल, हे लिहून ठेवलेलं नव्हतं.

कृष्णवर्णीयांची संघटना एनएएसीपी १९५६ च्या फेब्रुवारीत या योजनेविरुद्ध संघराज्य न्यायालयात गेली. ३३ मुलांच्या वतीने मागणी होती ती लगेच प्रवेश देण्याची. न्यायालयाने योजना पुरेशी ठरवली, अपिलातही तेच झालं. पण याचा एक परिणाम महत्त्वाचा ठरला. ऐच्छिक असलेली योजना आता न्यायालयाच्या देखरेखीखाली आली, आणि सप्टेंबर १९५७ ही तारीख मंडळाला मागे घेता येईना.

सप्टेंबरचे तीन आठवडे, थोडक्यात

ऑगस्टमध्ये विरोधकांची जमवाजमव झाली. जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर येऊन भाषण करून गेले, सेंट्रलच्या काही मातांनी आपली संघटना काढली, एका राज्य न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि नॉर्थ डकोटाहून तात्पुरते नेमलेले संघराज्य न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस यांनी तो दुसऱ्याच दिवशी रद्द केला. २ सप्टेंबरला गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव फौज, शाळेभोवती उभी केली. कारण सांगितलं शांततेचं. फौजेने अडवलं ते मुलांना.

४ सप्टेंबरला मुलांनी एकत्र जमून धर्मगुरूंसोबत जायचं ठरलं होतं. एनएएसीपीच्या राज्य अध्यक्ष डेझी बेट्स यांनी रात्री फोनाफोनी केली. एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता, निरोप पोचला नाही, ती एकटी बसने आली. शिपायांनी तिला संगिनी आडव्या धरून थांबवलं आणि जमावातून पुन्हा बसच्या बाकापर्यंत चालत जावं लागलं. एका निरोपाची चूक केवढी महाग पडते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. अशा कामात प्रत्येक घरी माणूस पाठवून निरोप गेल्याची खात्री करणं हा पहिला नियम असायला हवा होता.

२० सप्टेंबरला डेव्हिस यांनी गार्डचा अडसर दूर करायला लावला. २३ तारखेला शहर पोलिसांच्या बंदोबस्तात मुलं बाजूच्या दाराने आत गेली. बाहेर हजारभर लोक जमले, कृष्णवर्णीय पत्रकारांना मारहाण झाली, आणि दुपार व्हायच्या आत पोलीस अधिकारी जीन स्मिथ यांनी मुलांना तळघरातून गाड्यांत घालून बाहेर काढलं. महापौर वुड्रो मान यांनी वॉशिंग्टनला तार केली. २४ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०७३० क्रमांकाचा आदेश काढला. केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेलहून १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजारावर सैनिक आले, आणि आर्कान्साचं सुमारे दहा हजारांचं गार्ड राज्याच्या हातून काढून संघराज्याच्या हुकमतीखाली घेतलं गेलं. २५ सप्टेंबरच्या सकाळी नऊ मुलं मुख्य पायऱ्यांवरून आत गेली.

दाराच्या आत

प्रत्येक मुलामागे एक सैनिक नेमलेला होता. तास संपला की तो वऱ्हांड्यातून पुढच्या वर्गापर्यंत सोबत चाले आणि दाराबाहेर थांबे. वर्गात, स्वच्छतागृहात, व्यायामशाळेच्या कपडे बदलायच्या खोलीत त्याला जायची मुभा नव्हती. वर्गाच्या बाबतीत हा नियम योग्यच म्हणायला हवा, कारण शिकवणाऱ्याच्या खोलीत बंदूक नको. पण मग जिथे सैनिक नाही आणि शिक्षकही नाही, अशा जागांचं काय? स्वच्छतागृहं, न्हाणीघरं, जिन्याचे कोपरे, लॉकरच्या रांगा. पाच मजली इमारतीत अशा जागा भरपूर होत्या, आणि छळ नेमका तिथेच साचत गेला.

त्याचं स्वरूप बघितलं तर एकेक घटना किरकोळ वाटावी असंच. जिन्यावर मागून धक्का, टाचेवर लाथ, पुस्तकं उडवणं, कपड्यांवर शाई, तोंडावर थुंकणं. लॉकर फोडून वह्या-पुस्तकांची नासधूस तर इतकी सर्रास, की पुन्हा पुन्हा नवी पुस्तकं द्यावी लागत. व्यायामशाळेत न्हाताना अंगावर कढत पाणी, स्वच्छतागृहात वरून टाकलेले पेटते कागद. मेल्बा पॅटिलोच्या डोळ्यांत एका मुलाने दाहक द्रव फेकला, आणि सोबतच्या सैनिकाने तत्काळ पाण्याने डोळे धुतले म्हणून ते वाचले. थेल्मा मदरशेडला जन्मापासून हृदयविकार होता, तिला जिने चढणंच जड होतं. हे सगळं रोज, दर तासाला, आठ महिने.

शाळेचं शिस्तीचं सूत्र इथे अपुरं पडलं. मोठ्या माणसाने स्वतः पाहिलं असेल तरच कारवाई, असा व्यवहार होता. मुलींची जबाबदारी उपमुख्याध्यापिका एलिझाबेथ हकबी यांच्याकडे होती, आणि त्या मेहनती, नोंदी ठेवणाऱ्या बाई होत्या. पण मूल तक्रार घेऊन आलं की प्रश्न यायचा, कुणी पाहिलं? पाहिलेलं असायचं गोऱ्या मुलांनी, आणि साक्ष दिली तर त्यांच्यावर बहिष्कार. काही गोरी मुलं चांगली वागली, सुरुवातीला सोबत जेवायला बसली. त्यांच्या घरी धमकीचे फोन गेले आणि हळूहळू तीही बाजूला झाली. साक्षीदाराची अट सामान्य दिवसांत न्याय्य असते, तिने खोट्या तक्रारीपासून मूल वाचतं. पण जिथे छळ ठरवून, वाटून, बाहेरच्या मोठ्या माणसांच्या चिथावणीने चालतो, तिथे तीच अट छळणाऱ्याला वेळ आणि जागा निवडायची सोय करून देते. हे ओळखून नियम बदलायला हवा होता. एकाच मुलाविरुद्ध वेगवेगळ्या तक्रारी आल्या तर त्या एकत्र वाचायच्या, धोक्याच्या जागांवर प्रत्येक सुट्टीत शिक्षक उभे करायचे, पालकांना पहिल्याच नोंदीला बोलवायचं. यांपैकी काही तुकड्यातुकड्याने झालं, पण मंडळाने पाठीशी उभं राहून ठरवलेलं धोरण म्हणून झालं नाही. कुणाला निलंबित केलं की त्याचे पालक आणि त्यांच्यामागची संघटना मंडळावर चाल करून येई, आणि मंडळ मागे सरे. मुख्याध्यापक जेस मॅथ्यूज यांना वरून भक्कम शब्द कधी मिळाला नाही.

नोव्हेंबरअखेर १०१ वी डिव्हिजन परत गेली. उरलं संघराज्याच्या हुकमतीतलं आर्कान्साचं गार्ड. त्यातले शिपाई याच राज्यातले, बरेचसे पुरेसे उत्साही नव्हते. मुलांच्या आठवणींत हा बदल ठळक आहे. सैनिक तेवढ्याच अंतरावर उभे, पण काही घडलं तरी पुढे येत नसत. डिसेंबरपासून छळ वाढला तो इथून.

मिनीजिन ब्राउन

१७ डिसेंबर १९५७ रोजी उपाहारगृहात मिनीजिन हातात जेवणाचा ट्रे घेऊन टेबलांमधून चालली होती. मुलांनी खुर्च्या सरकवून वाट अडवली. तिचा ट्रे सुटला आणि त्यातलं चिली, म्हणजे घेवड्याचं तिखट कालवण, दोन मुलांच्या डोक्यावर सांडलं. उपाहारगृहात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांनी टाळ्या वाजवल्या. मिनीजिन निलंबित झाली. जानेवारीत तिला परत घेतलं ते या अटीवर, की कुणी काहीही केलं तरी तिने उत्तर द्यायचं नाही.

अटीचा अर्थ शाळेत सगळ्यांना कळला. तिला डिवचलं आणि ती बोलली, की ती बाहेर. त्यानंतर तिच्यावर सूप ओतलं गेलं, आणि फेब्रुवारीत मागे लागलेल्या एका मुलीला ती रागाने ‘व्हाइट ट्रॅश’, म्हणजे ‘गोरा कचरा’, म्हणाली. १७ फेब्रुवारी १९५८ रोजी मंडळाने तिला शाळेतून काढून टाकलं. शाळेत छापील कार्डं फिरली: एक गेली, आठ उरले. ती पुढे न्यूयॉर्कच्या न्यू लिंकन स्कूलमध्ये शिकली.

सगळ्या प्रकरणात मंडळाचा सर्वांत वाईट निर्णय कुठला, असं विचारलं तर आम्ही या अटीकडे बोट दाखवू. शिस्तीची अट दोन्ही बाजूंना लागू असते, एकाच मुलीला नाही. एकतर्फी अट घातली की ती मोडायला लावणं हाच खेळ होतो. तो खेळ महिनाभरात यशस्वी झाला, आणि यशस्वी होतो हे कळल्यावर उरलेल्या आठांवरचा दबाव आणखी वाढला. त्याच फेब्रुवारीत मंडळ न्यायालयात गेलं आणि वातावरण बिघडल्याचं कारण देऊन अडीच वर्षांची मुदत मागितली.

२७ मे १९५८ रोजी अर्नेस्ट ग्रीन सहाशे सहाध्यायांसह मैदानावर पदवीदानाला उभा राहिला. नवांपैकी तोच शेवटच्या वर्षात होता. सेंट्रलमधून उत्तीर्ण झालेला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. मार्टिन लूथर किंग त्याच्या घरच्यांसोबत बसले होते. इतरांच्या नावाला टाळ्या होत होत्या, त्याच्या नावाला झाल्या नाहीत.

बंद शाळांचं वर्ष आणि १२ ऑगस्ट १९५९

मुदत जूनमध्ये मिळाली, पण सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर १९५८ रोजी ‘कूपर विरुद्ध आरन’ खटल्यात ती फेटाळली. विरोधकांच्या दंग्यामुळे मुलांचे घटनात्मक हक्क लांबणीवर टाकता येत नाहीत, हा त्याचा गाभा. निकालपत्रावर नऊही न्यायमूर्तींची नावं स्वतंत्रपणे घातली गेली. त्याच दिवशी फॉबस यांनी शाळा बंद करण्याच्या कायद्यांवर सही केली आणि शहरातली चारही हायस्कूलं, सेंट्रल, हॉल, होरेस मान आणि टेक्निकल, बंद झाली. २७ सप्टेंबरच्या मतदानात प्रश्न असा ठेवला होता की सगळ्या शाळा एकदम एकत्र करायच्या की नाही. विरोधात १९,४७० मतं, बाजूने ७,५६१.

३,६६५ विद्यार्थी शाळेविना राहिले. गोऱ्या मुलांपैकी बहुतेकांना कुठेतरी प्रवेश मिळाला, खासगी शाळाही निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे निम्म्यांना वर्षभर कुठलीच शाळा मिळाली नाही. शिक्षकांचे करार चालू होते, म्हणून ते रोज येऊन रिकाम्या वर्गांत बसत. आणि शाळा बंद असताना फुटबॉलचे सामने झाले.

गाडी रुळावर आणली ती शहरातल्या बायकांनी. ॲडॉल्फीन फ्लेचर टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ च्या सप्टेंबरात शाळा उघडण्यासाठी समिती काढली आणि घरोघर फिरून मतदार जोडले. ५ मे १९५९ रोजी मंडळाच्या बैठकीतून मवाळ सदस्य निघून गेल्यावर उरलेल्या तिघांनी ४४ शिक्षक आणि अधिकाऱ्यांना काढून टाकलं. त्यांत मॅथ्यूज आणि हकबीही होते. जे गोरे पालक एकत्र शाळेच्या प्रश्नावर गप्प होते, ते आपल्या मुलांच्या शिक्षकांसाठी उठले. २५ मेच्या मतदानात ते तीन सदस्य पदावरून गेले. जूनमध्ये न्यायालयाने शाळाबंदीचे कायदे रद्द केले.

१२ ऑगस्ट १९५९ रोजी, नेहमीपेक्षा लवकर, शाळा उघडल्या. जमाव विधानभवनाकडून सेंट्रलच्या दिशेने निघाला. जीन स्मिथ आता पोलीसप्रमुख होते. त्यांनी वाटेतच रस्ता अडवला, अग्निशमन दलाचे पाण्याचे फवारे सोडले आणि २१ जणांना अटक केली. दोन वर्षांपूर्वी जिथे हजारावर सैनिक लागले, तिथे शहराचे पोलीस आणि बंब पुरले. फरक शस्त्रांचा नव्हता. या वेळी मंडळ, पोलीसप्रमुख आणि शहरातले प्रतिष्ठित एका बाजूला होते, आणि हॉलमध्येही तीन कृष्णवर्णीय मुली दाखल झाल्या होत्या. भार एकट्या सेंट्रलवर नव्हता.

माजी विद्यार्थी

सेंट्रलच्या माजी विद्यार्थ्यांत १९५५ चा ब्रूक्स रॉबिन्सन आहे, बाल्टिमोर ओरिओल्सकडून २३ हंगाम खेळलेला बेसबॉलपटू. नंतरच्या पिढीतला बास्केटबॉलपटू जो जॉन्सनही इथलाच. पण शाळेची ओळख त्या नवांशी बांधलेली आहे, आणि त्यांपैकी ग्रीननंतर १९६० साली जेफर्सन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स एवढे दोघेच परत येऊन उत्तीर्ण झाले. कार्लोटाच्या घरावर १९६० च्या फेब्रुवारीत बॉम्ब फुटला होता, तरी तिने शाळा सोडली नाही. थेल्मा मदरशेडने पत्राद्वारे आणि सेंट लुइसच्या उन्हाळी वर्गांतून विषय पुरे केले, तिचा दाखला पोस्टाने आला. बाकीच्यांचं हायस्कूल इतरत्र संपलं.

पुढे ग्रीन राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात कामगार खात्यात सहायक सचिव झाले. मिनीजिन क्लिंटन यांच्या काळात अंतर्गत खात्यात होत्या. टेरेन्स रॉबर्ट्स मानसशास्त्रज्ञ, मेल्बा पत्रकार, थेल्मा शिक्षिका, ग्लोरिया रे स्वीडनमध्ये पेटंटच्या क्षेत्रात. एलिझाबेथ एकफर्ड काही काळ सैन्यात होत्या आणि पुढे लिटल रॉकलाच परतल्या. या यादीवरून ‘शेवटी सगळं चांगलं झालं’ असा निष्कर्ष काढू नये. ही मुलं निवडून घेतलेली, मुळातच सक्षम होती. एलिझाबेथ यांनी त्या वर्षाच्या मानसिक जखमांबद्दल पुढे अनेकदा उघडपणे सांगितलं आहे.

१९९७ साली, चाळीस वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि गव्हर्नर माइक हकबी यांनी मुख्य दार धरून ठेवलं आणि नऊही जण आत गेले. १९९८ साली संसदेने हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवला, १९९९ साली नवांना संसदेचं सुवर्णपदक मिळालं. लिटल रॉकच्या सर्व इयत्ता एकत्र व्हायला मात्र १९७२ साल उजाडलं, योजनेत लिहिलेल्या १९६३ नंतर नऊ वर्षं. जिल्ह्याच्या शाळांवरची संघराज्य न्यायालयाची देखरेख त्यानंतरही दीर्घकाळ राहिली.

आज सेंट्रलमध्ये दोन हजारांहून अधिक मुलं शिकतात. इथले विद्यार्थी नागरिकशास्त्राच्या तासाला घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेऊन भेदभावाच्या आठवणी लिहून काढतात. एलिझाबेथ ज्या बाकावर बसल्या होत्या त्याच्या प्रतिकृतीसारखं एक बाक विद्यार्थ्यांनी २०१८ साली रस्त्याकडेला उभारलं. रस्त्यापलीकडे, पूर्वीच्या चौदाव्या आणि आताच्या डेझी बेट्स रस्त्याच्या कोपऱ्यावर, राष्ट्रीय उद्यान सेवेचं माहिती केंद्र आहे. इमारतीत जायचं असेल तर तिथे आधी नोंदणी करून मार्गदर्शकासोबतच जावं लागतं, कारण आत नेहमीचे तास चालू असतात.